पांझरेच्या उत्तर काठावरील देवपूर : राहत्या माणसाने केलेले परीक्षण

माझ्या मावसभावाला धुळ्यात घर घ्यायचे आहे. मुलगी दहावीला गेली, गावाकडून रोजचे जाणे-येणे आता जमत नाही, तेव्हा देवपुरात घर घ्यावे का, असे त्याने मला विचारले. फोनवर मी चटकन होकार दिला आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले, की हे उत्तर पुरेसे नव्हते. माणूस आयुष्याची पुंजी लावून घर घेतो. त्याला होकारासोबत कारणे द्यावीत आणि उणिवाही सांगाव्यात. साक्री तालुक्यातले आमचे गाव सोडून मी १९९८ च्या जून महिन्यात देवपुरात आलो. पहिली सहा वर्षे गोंदूर रोडलगत दोन खोल्यांत भाड्याने काढली आणि त्यानंतर वाडीभोकर रोडच्या आतल्या बाजूस एका लहान कॉलनीत घर बांधले. या काळात जे पाहिले आणि सोसले, त्याच्या आधारे हे लिहीत आहे.

देवपूर म्हणजे धुळे शहराचा पांझरा नदीच्या उत्तरेकडचा भाग. नदीच्या दक्षिणेला जुने धुळे आहे आणि कॅप्टन ब्रिग्जने १८१९ साली धुळ्याला खानदेशाचे मुख्य ठाणे केल्यानंतर आखलेली पेठही तिकडेच आहे. त्या पेठेतल्या गल्ल्या सरळ रेषेत आहेत आणि आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. चार नंबरची गल्ली, पाच नंबरची गल्ली असाच पत्ता सांगतात. देवपुराची जडणघडण अगदी वेगळी आहे. एकवीरा देवीच्या मंदिराभोवतीचे नदीकाठचे जुने देवपूर हे मुळात गावच होते. त्याच्या मागे पूर्वी शेते होती आणि गेल्या ५०–६० वर्षांत ती एकेक करून बिनशेती होत गेली. ज्या शेताचा ले-आउट पडला, त्याची कॉलनी झाली. त्यामुळे इथे कोणताही एकसंध आराखडा दिसत नाही. एका कॉलनीचा रस्ता दुसरीच्या कुंपणाशी येऊन अचानक थांबतो, आणि नवखा माणूस दत्त मंदिर चौकापासून प्रमोदनगरपर्यंत जाताना दोनदा तरी वाट चुकतो. पेठेत क्रमांकावरून घर सापडते, इथे माणसाच्या नावावरून सापडते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गुरुजींचे घर कोणते, असे विचारले तर दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर येतो आणि हात करून दाखवतो.

उपनगर वाढले ते शाळा-महाविद्यालयांमुळे. जयहिंद आणि श्री शिवाजी विद्याप्रसारक संस्था या दोन मोठ्या शिक्षणसंस्थांची महाविद्यालये देवपुरात आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि त्यांच्या आधाराने शाळा, क्लास, वसतिगृहे, खाणावळी, झेरॉक्सची दुकाने असा सारा संसार उभा राहिला आहे. साक्री, शिंदखेडा आणि शिरपूर या तिन्ही तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबे इथे आहेत. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा होईपर्यंत शहादा-तळोद्यापर्यंतचा कारभार धुळ्यातून चालत असल्यामुळे तिकडची नोकरदार मंडळीही इथे स्थिरावली. आमच्या गल्लीतल्या चौदा घरांपैकी अकरा घरांचा कर्ता पुरुष किंवा कर्ती बाई शिक्षक, ग्रामसेवक, एस.टी. चालक-वाहक, वीज कर्मचारी किंवा परिचारिका अशा नोकरीतून निवृत्त झालेली आहे. प्रत्येक घराचे मागे एक गाव आहे, गावात थोडी तरी जमीन आहे आणि पोळ्याला तिकडे जाणे चुकत नाही. शहराच्या नोंदीत हे शहरी उपनगर असले, तरी माझ्या मते ते शेजारी शेजारी येऊन बसलेल्या शंभर गावांचे मिळून एक गाव आहे. घर घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे, कारण इथल्या सोयी आणि इथला त्रास या दोन्हींचे मूळ त्यातच आहे.

आता पाण्याविषयी. हा विषय मी मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण देवपुरात कोणत्याही घराची खरी किंमत पाण्यावरून ठरते. शहराला पाणी येते ते तापी नदीवरून, नकाणे आणि डेडरगाव तलावांतून आणि अलीकडे पांझरेवरील अक्कलपाडा धरणातून. इतके स्रोत असूनही नळाला रोज पाणी येत नाही. मधे काही दिवसांचे अंतर पडते आणि उन्हाळ्यात ते आठवड्याच्याही पुढे गेलेले मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून इथे घर पाहताना दिवाणखान्याची फरशी नंतर पाहावी, आधी जमिनीखालचा हौद किती खोल आहे ते विचारावे. भाड्याच्या घरात असताना आमच्याकडे हौद नव्हता. सहा ड्रम, दोन कोठ्या आणि घरातले प्रत्येक पातेले भरून ठेवावे लागे. पाणी कधी पहाटे चारला येई, तर कधी रात्री साडेअकराला. गल्लीच्या टोकाच्या जिजी सर्वांत आधी जाग्या होत आणि एकेका दारावर थाप मारत पुढे जात, ‘उनं, उनं, पानी उनं, भरी ल्या!’ (आलं, आलं, पाणी आलं, भरून घ्या!) सत्तरी उलटलेल्या त्या बाईला स्वतःसाठी दोन हंडे पुरत. बाकीची धावपळ ती आमच्यासाठी करत असे.

स्वतःच्या घरात आलो तेव्हा हौद बांधला, पण नवीच अडचण समोर आली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरांनी नळाला थेट मोटर लावली, की शेवटच्या तीन-चार घरांना थेंबही मिळत नसे. आमचे घर शेवटून दुसरे. पहिल्या वर्षी यावरून कडाक्याची भांडणे झाली, दोन घरांचे बोलणे बंद झाले आणि मला घर बांधल्याचा पश्चात्ताप होऊ लागला. त्यातून मार्ग निघाला तो आमच्या पांझरा खोऱ्यातल्या जुन्या पद्धतीने. साक्रीकडे नदीवरच्या बंधाऱ्यांखाली फड पद्धतीने शेते भिजवण्याची शेकडो वर्षांची रीत आहे. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडतात, एका फडात त्या हंगामाला एकच पीक घेतात, आणि पाटाचे पाणी कोणी आपल्या मर्जीने वळवून घेत नाही. ठरलेल्या पाळीप्रमाणे पाटकरी ते प्रत्येकाच्या शेतात सोडतो आणि जागल्या पाटावर नजर ठेवतो. ज्याचे शेत मोठे त्याला आधी पाणी, असा नियम तिथे नाही. आमच्या गल्लीत ही रीत लहानपणापासून पाहिलेली चार माणसे होती. त्यांनी एका संध्याकाळी सर्वांना एकत्र बसवले आणि ठरवून दिले, की पाणी सुटल्यानंतर पहिला तास कोणीही मोटर लावायची नाही, दुसऱ्या तासापासून शेवटच्या घराकडून एकेकाने पाळीने लावायची, आणि ज्या घरी आजारपण किंवा लग्नकार्य असेल त्याची पाळी पहिली. निवृत्त ग्रामसेवक असलेल्या अप्पांना सर्वांनी एकमताने पाटकरी नेमले. ते वारले तेव्हा त्यांच्या सुनेने ते काम हाती घेतले आणि आजही ती वही आणि घड्याळ घेऊन दारात उभी राहते. मोडलेली दोन घरांची बोलणी त्याच वर्षी दिवाळीत पुन्हा जुळली.

सर्वच गल्ल्यांत असे घडलेले नाही. आमच्यापासून दोन रस्ते सोडून असलेल्या भागात अजूनही जोरदार मोटरवाल्याचीच सरशी होते आणि उरलेले टँकर मागवतात. म्हणून मावसभावाला माझे सांगणे असे, की घर दिवसा पाहून विसार देऊ नये. त्या गल्लीची पाण्याची पाळी कोणत्या दिवशी आहे ते विचारावे, त्या वेळी तिथे जाऊन अर्धा तास उभे राहावे आणि शेवटच्या घराच्या नळाला धार किती आहे ते डोळ्यांनी पाहावे.

रस्ते आणि गटारे यांविषयी फार चांगले लिहिता येत नाही. भुयारी गटारीच्या कामासाठी देवपुरातले रस्ते खोदले गेले, तेव्हा दोन पावसाळे आम्ही चिखलातून काढले. पत्नीचा पाय त्या चिखलात घसरून मनगट मोडले. पुढे रस्ते झाले, काही चांगले झाले, काहींवर पहिल्याच पावसात खड्डे पडले. मोकळ्या प्लॉटांची समस्या मात्र तशीच आहे. गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेल्या या प्लॉटांवर गाजरगवत वाढते, कचरा साठतो, डुकरे आणि मोकाट कुत्री यांचा वावर राहतो, आणि मालक दुसऱ्या शहरात असल्याने तक्रार कोणाकडे करावी हे कळत नाही. ज्याच्याकडून मी प्लॉट घेतला, त्याने नकाशावर बगीचा म्हणून हिरव्या रंगाची जागा दाखवली होती. त्या जागेवर आज एक पत्र्याची शेड आणि दोन दुकाने आहेत. नकाशा पाहून भुललो, ही चूक माझी. पण पुढच्या माणसाने ले-आउटची मंजूर प्रत स्वतः काढून खुली जागा कोणती आहे ते तपासून घ्यावे. वलवाडी, भोकर, महिंदळे ही लगतची गावे २०१८ साली शहराच्या हद्दीत आल्यापासून तिकडे नवीन ले-आउट वेगाने पडत आहेत आणि जाहिरातींत हा सगळाच भाग देवपूर म्हणून सांगितला जातो. तिथले दर कमी असतात हे खरे, परंतु पथदिवे, गटार आणि नळ या तीन गोष्टी प्रत्यक्ष पोहोचल्या आहेत की यायच्या आहेत, हे जागेवर जाऊन पाहावे लागते.

नदीकाठच्या जुन्या वस्तीत घर स्वस्त मिळते, तेव्हा पुराचाही विचार करावा. पांझरेला १८७२ साली आलेल्या महापुरात धुळ्याची मोठी हानी झाल्याची नोंद आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी पुलांना लागले तेव्हा आम्ही सर्व जण काठावर जाऊन मुकाट्याने पाहत उभे होतो. वर्षातले दहा महिने ही नदी एखाद्या ओहोळासारखी दिसते, त्यामुळे तिचा विसर पडतो.

बाजारहाटाची सोय उत्तम आहे. दैनंदिन भाजी, किराणा, औषधे, शिंपी, पिठाची गिरणी हे सारे पायी अंतरावर मिळते. कापड, भांडी किंवा सोने घ्यायचे असेल तरच पूल ओलांडून आग्रा रोडला जावे लागते. शेअर रिक्षा सतत चालू असतात, मात्र रात्री दहानंतर त्या मिळणे कठीण होते. शिरपूरकडे जाणाऱ्यांना देवपूर बसस्थानक जवळ पडते. रेल्वे स्थानक नदीपलीकडे आहे आणि तिथून मुख्यतः चाळीसगावचीच वाट असल्याने रोजच्या जगण्यात त्याचा फारसा संबंध येत नाही. वाचनाची आवड असणाऱ्याला मी आवर्जून सांगेन, की इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरीस याच शहरात देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने स्थापन झालेले संशोधन मंडळ, तसेच शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी हस्तलिखितांसाठी उभारलेले समर्थ वाग्देवता मंदिर, ही दोन्ही ठिकाणे देवपुरातून सायकलने जाण्याजोगी आहेत. माझ्या मुलीने तिथे बसून पाहिलेली मोडी कागदपत्रे तिला कोणत्याही क्लासने दिली नसती अशी दृष्टी देऊन गेली.

उन्हाळा कठीण आहे. एप्रिलच्या मध्यापासून पारा ४२–४३ अंशांवर जातो आणि काही दिवस त्याच्याही पुढे सरकतो. पश्चिमेकडे तोंड असलेले, वर मोकळी गच्ची असलेले एकमजली घर दुपारी भट्टीसारखे तापते. पण याच गच्चीवर चैत्रात जे चालते, त्यासाठी मी तो ताप सोसायला तयार आहे. पहाटे पाचला चार घरच्या बायका एका गच्चीवर जमतात, मोठ्या पातेल्यात ज्वारीचे पीठ शिजते आणि ओल्या धोतरावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापले जातात. आज एका घरचे, उद्या दुसऱ्या घरचे, अशी इथेही पाळी असते. उडदाचे पापड, कुरडया, शेवया अशा क्रमाने हे महिनाभर चालते. ज्या घरात बाई एकटी आहे किंवा आजारी आहे, तिचेही बिबडे झालेले असतात. ते कोणी केले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. हिवाळ्यात असेच भरिताचे. कोणाच्या तरी शेतातून पोतेभर वांगी येतात, पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) पेटवून मोकळ्या प्लॉटवर ती भाजली जातात, लाकडी बडगीत ठेचली जातात आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर सारी गल्ली पंगत धरून जेवते. हॉटेलातली काळ्या मसाल्याची शेवभाजीही देवपुरात चांगली मिळते, पण बाहेरून आलेल्या पाहुण्याला मी आधी हे भरीत खायला घालतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात आणि कॉलनीतल्या कडुनिंबांना झोके लागतात. चैत्रात एकवीरेची यात्रा भरते आणि त्या दिवसांत नदीकडच्या रस्त्यांवरून वाहन नेण्याचा विचारही करू नये. मात्र माणसांची खरी ओळख होते ती कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या या देवीच्या उत्सवात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ज्या घरी कानबाई बसते, तिथे भाऊबंद गावोगावहून येतात, रोटांसाठी गहू निवडले जातात, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी होते, नारळाच्या देवीला नथ-दागिने घालून सजवतात आणि रात्रभर गाणी चालतात. सोमवारी सकाळी वाजतगाजत ती नदीवर जाते. रोट हा कुळाचा प्रसाद असल्याने बाहेरच्यांना देत नाहीत, पण दर्शनाला आणि जागरणाला सारी गल्ली असते. आमच्याकडे कानबाई बसली त्या वर्षी माझे वडील दवाखान्यात होते. मला रात्री तिथे थांबावे लागले; घरी आलेल्या चाळीस पाहुण्यांच्या अंथरुणांची, चहाची आणि सकाळच्या मिरवणुकीची सर्व व्यवस्था शेजाऱ्यांनी केली, आणि मी परत आलो तेव्हा अंगण झाडून सडाही टाकलेला होता.

असे असूनही या समाजाची एक गोष्ट मला कायम सलते आणि ती लपवून देवपुराची शिफारस करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खोली भाड्याने देताना इथे अजूनही आधी आडनाव विचारले जाते. शिक्षणासाठी साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातून आणि शिरपूरच्या सातपुड्यातून येणाऱ्या आदिवासी मुलांना ‘खोली नुकतीच गेली’ असे सांगून परत पाठवलेले मी स्वतः पाहिले आहे, आणि ती खोली पुढे दोन महिने रिकामी होती. दलित आणि मुस्लिम कुटुंबांचा अनुभवही याहून वेगळा नाही. जी माणसे शेजाऱ्याचे अंगण न सांगता झाडतात, तीच माणसे असे वागतात, हे समजून घेणे मला फार जड गेले. आम्ही आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या २००९ पासून मुलांना देतो आणि आडनाव विचारत नाही. पहिल्या वर्षी गल्लीत कुजबुज झाली. त्या वर्षीच्या पाण्याच्या रात्री आमच्याकडच्या दोन पावरा आदिवासी मुलांनी पाटकरी अप्पांच्या हातातली वही घेऊन त्यांना खुर्चीवर बसवले आणि पहाटेपर्यंत पाळी सांभाळली. त्यानंतर कुजबुज थांबली. गल्लीतल्या आणखी तीन घरांनी पुढे तसे भाडेकरू ठेवले. चौदातली चार घरे, हे प्रमाण मला पुरेसे वाटत नाही.

मावसभावाने आता वाडीभोकर रोडच्या आत एक घर पाहून ठेवले आहे. हौद दहा हजार लिटरचा आहे, उत्तरेकडे तोंड आहे, ले-आउटची प्रत त्याने काढली आहे, आणि घर गल्लीत शेवटून तिसरे आहे. सौदा पावती करण्याआधी श्रावणातल्या त्या रविवारी मुक्कामाला ये, असे मी त्याला कळवले आहे. यंदा त्याच गल्लीत एका घरी कानबाई बसणार आहे आणि पाण्याची पाळीही त्या रात्रीच येण्याची शक्यता आहे.